मीटरच्या तोंडचं हळदकुंकू

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. कधी, तर १९९८ साली, दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला त्या पहिल्याच सोमवारी, सकाळच्या चहाच्या आधी. कुठे, तर जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याचा ओलावा मोजायची यंत्रं जिथे तयार होत अशा एका कारखान्यात. ज्या टेबलावर ती वर्षानुवर्षं बसली त्या टेबलावरून तिला उठवलं आणि सांगितलं, "तुम्ही निष्काळजी आहात. उद्यापासून येऊ नका."

मला पत्रकं लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांचा नियम असा होता की पहिल्या ओळीत कुणावर आणि केव्हा ते सांगायचं, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते मागायचं, आणि मधल्या जागेत रडायचं नाही. पहिलं काम झालं. शेवटचं शेवटी करीन. मध्ये रडणार नाही. ओरडायचं नाही असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दिलेली तीर्थपुरीकडे. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी तिला एका पिशवीसकट माहेरी आणून सोडलं, आणि माहेरच्या ओसरीवर बसून राहण्याऐवजी ती जालन्याला येऊन कामाला लागली. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सला आले तेव्हा तिच्याच खोलीवर राहिले. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की पिठाच्या वासात स्पिरिटचा वास यायचा. दिवसभर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मीटर पुसायची ती. हात कितीही घासले तरी तो वास जात नसे. मी नाक मुरडलं की म्हणायची, "गपचीप खा. दवाखान्यातली भाकर हाय, पोट साफ राहतं."

तिचं काम काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तिच्यावरचा आळ कळणार नाही. ओल्या बियाण्यातून वीज सहज जाते, कोरड्यातून अडखळत जाते. किती अडखळते ते मोजलं की ओलावा कळतो. कारखान्यात तयार झालेलं प्रत्येक यंत्र मावशीच्या टेबलावर यायचं. टेबलावर एक परदेशी डिजिटल मल्टिमीटर होतं, पुढे हिरवे आकडे, खाली वायरी खोचायची तोंडं. यंत्राची वायर मीटरला लावायची, आणि हिरवा आकडा ठरलेल्या शंभरावर येईपर्यंत यंत्रातला बारका स्क्रू फिरवायचा. शंभर आला की स्क्रूवर लाखेचा थेंब, पुढचं यंत्र. बस. मीटर जे सांगेल ते तिने मानायचं. मीटर खरं बोलतं की नाही हे बघायचं काम तिचं नव्हतं. ते इंजिनिअर साहेबांचं होतं, आणि त्यासाठी लागणारा डबा साहेबांच्या कपाटात कुलपात असायचा. त्या डब्यातून वीज किती अडखळते तो आकडा पक्का, शंभर म्हणजे शंभरच. वर्षातून एकदा तो डबा मीटरला लावायचा आणि मीटरला सांगायचं, हे बघ, याला शंभर म्हणतात. याला कॅलिब्रेशन म्हणायचं.

आधी हे काम बाहेरगावचा एक माणूस येऊन करायचा. टेबलाशी बसायचा, तोंडं पुसायचा, मीटरची बटणं दाबायचा. त्या वर्षी साहेबांनी केबल आणली. मीटरच्या पाठीतून निघून भिंतीच्या कडेकडेने थेट त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरपर्यंत. आता टेबलाशी यायची गरज नाही. केबिनमध्ये बसून कमांड टाइप करायची, मीटर हुकूम पाळणार. साहेब रोज औरंगाबादहून कारने यायचे, आणि त्या केबलचं कौतुक कारपेक्षाही जास्त करायचे.

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही, त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. कारखान्यातही तोच रिवाज. सकाळी सगळं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, मालकीणबाई ताट घेऊन फिरायच्या. लेथला, ड्रिलला, सोल्डरिंगच्या बंदुकांना, मीटरला हळदकुंकू. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं असायचं. त्या वर्षी मी गेले होते, पेढ्यासाठी.

साहेबांच्या डोक्यात आलं की आज काम बंद, मीटर मोकळं, वर्षाचं कॅलिब्रेशन आजच उरकू. कुणीतरी म्हणालं, "साहेब, आज मशीनला हात लावायचा न्हाई." साहेब हसून म्हणाले, "हात कोण लावतंय? हीच तर गंमत आहे." त्यांनी पूजेच्या आधीच, सकाळी, कपाटातला डबा काढला, त्याच्या वायरी मीटरच्या तोंडात खोचल्या आणि केबिनमध्ये जाऊन बसले. म्हणजे पूजेनंतर मीटरला कुणाचंही बोट लागणार नव्हतं. फक्त हुकूम जाणार होता.

आणि मावशी? वर्षभर त्या मीटरसमोर बसणारी, त्याला कापसाने पुसणारी, लाइट गेली की आधी त्याचं बटण बंद करणारी मावशी दाराबाहेर उभी होती. विधवेने पूजेच्या वेळी समोर यायचं नाही. कुणी तिला हाकलत नसे. हाकलायची गरजच ठेवली नव्हती. ती आपली आपण बाहेर जायची, चपला सांभाळल्यासारखी उभी राहायची. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले तर म्हणाली, "तू जा ना माय आत. तुला काय झालंय?"

"तुला तरी काय झालंय?"

"जा म्हणलं ना. पेढा आण दोन. ह्या वर्षी बरे हायेत म्हणतेत."

मी दारातून बघत राहिले. मालकीणबाईंनी मीटरसमोर ताट धरलं. वाटीत हळद पाण्यात कालवलेली होती, ती बोटाने मीटरच्या दोन्ही तोंडांवर लावली, जिथे वायरी खोचलेल्या होत्या बरोबर तिथेच, सढळ हाताने. वर कुंकू. ओघळ एका तोंडाकडून दुसऱ्याकडे गेला. माळ घातली, नारळ ओवाळला. सगळ्यांनी हात जोडले. केबिनच्या काचेआड साहेबांनीही जोडले, आणि बसून टाइप करायला लागले.

ओल्या हळदकुंकवातून वीज झिरपते. थोडीशीच, पण अशा मोजमापात ती थोडीशीच पुरते. डब्यातून जायची एक वाट होती, हळदीने दुसरी पायवाट करून दिली. दोन्ही वाटांनी मिळून मीटरला जे दिसलं ते शंभरापेक्षा कमी होतं. आणि साहेबांचा हुकूम गेला, "तुझ्या तोंडाशी आता जे आहे ते शंभर. लक्षात ठेव." मीटर बिचारं हुकमाचं ताबेदार. त्याने लक्षात ठेवलं.

हे मला तेव्हा कळलं नाही, दारातून हळदीचा ओघळ फक्त दिसला. कळलं ते मावशीला काढलं त्या सोमवारी.

त्याआधी झालं असं, की दसरा झाल्यावर कामाच्या पहिल्या दिवशी मावशीने नेहमीसारखा कापसाचा बोळा घेतला आणि मीटर पुसून लख्ख केलं. पायवाट बंद झाली. आता मीटरला खरा शंभर दिसला तरी ते त्याला जास्तच म्हणणार. मावशी हिरव्या आकड्यावर शंभर येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिली, आणि प्रत्येक यंत्र खऱ्या शंभराच्या खाली बसलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जेवढी यंत्रं बाहेर पडली तेवढी सगळी थोड्या अडखळण्यालाच जास्त समजून ओल्या बियाण्याला कोरडं म्हणायला लागली. ऐन हंगाम. गोडाऊनवाल्यांनी यंत्रावर भरवसा ठेवून ओला माल आत घेतला. पोत्यात हात घातला तर आतून गरम. तक्रारी आल्या. मालक भडकले. साहेबांनी एका दमात बोट दाखवलं.

"टेबलावर कोण बसतं?"

मावशी बसते. संपलं.

त्या संध्याकाळी ती खोलीवर आली, पदर खोचला आणि भाकरी करायला बसली. रोजच्यासारखीच. मीच ओरडत होते.

"पण काय म्हणाले ते? नीट सांग."

"काय म्हणणार? मन लावून काम न्हाई केलं म्हणे. स्पिरिट लावून मीटर बिघडवलं म्हणे." तिने भाकरी उलटली. "अन् बाई म्हणल्या, पूजेच्या टायमाला दारात उभी होती ना, नजर पडली."

"तुझी नजर? मीटरवर?"

"हां. एवढी वर्षं रोज बघून राह्यले त्याच्याकडं, तवा न्हाई पडली. त्या दिवशीच पडली." मग ती हसली. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून माझ्या अंगाची आग होते. "लई तेज झाली माझी नजर."

मी विचारलं, दसऱ्यानंतर मीटर पुसलंस तेव्हा त्यात काही वेगळं होतं का. ती म्हणाली, "वेगळं काय? साहेबाच्या डब्याच्या वायरी तशाच लटकून राह्यल्या होत्या. म्या वढून काढल्या. पिना पार पिवळ्या झालत्या हळदीनं."

"डब्याच्या वायरी? पूजेच्या वेळी त्या लावलेल्या होत्या?"

"मंग? म्या दारातून बघितल्या की. तू बी होतीस."

होते. आणि तो ओघळही पाहिला होता. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आम्हाला पहिली ताकीद हीच असायची की मोठा रोध, म्हणजे विजेचं हे अडखळणं, मोजताना घामाचं बोटसुद्धा तोंडाला लावू नका, रीडिंग पडतं. मावशीची भाकरी तव्यावर करपली तरी आम्हा दोघींचं लक्ष नव्हतं. म्हणजे बघा, पूजा तिने केली नाही, तिला करू दिली नाही. डबा तिने लावला नाही. कमांड तिने दिली नाही. आणि गुन्हेगार ती.

मी पत्रक लिहिलं. आमच्या विद्यार्थी संघटनेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलं आणि दोन मैत्रिणी घेऊन कारखान्याच्या गेटवर वाटायला उभी राहिले. मावशीला जबरदस्तीने सोबत घेतलं होतं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत मला म्हणत होती, "हळू बोल. शेजारच्या कारखान्यातले बी बघून राह्यलेत."

"बघू दे. त्यांच्यासाठीच वाटतेय."

पाचसात पत्रकं वाटून होतात न होतात तो मालकांचा निरोप आला. आत या, चहा घ्या, बाहेर तमाशा नको. चहा घ्या! आठवड्यापूर्वी जिला चहाच्या आधी हाकललं तिला चहा घ्या!

आत मालक होते, साहेब होते, आणि ऑफिसच्या देव्हाऱ्यातली सकाळची पूजा आटोपून मालकीणबाई होत्या. मी म्हटलं, "चहा नको. कपाटातला डबा काढा आणि मीटरला लावा. आमच्यासमोर."

साहेब म्हणाले, "कॅलिब्रेशन मी स्वतः केलंय. कॉम्प्युटरवरून. त्यात माणसाचा हातच लागत नाही, तर चूक होईल कशी?"

"काय काय हुकूम दिले ते तरी सांगा."

त्यांना सांगायला आवडलं. बोटांवर मोजत सांगायला लागले. पहिल्या कमांडने कोड देऊन मीटरचं कुलूप उघडायचं. दुसरीने आकडा सांगायचा, शंभर. तिसरीने म्हणायचं, कर. मीटर आपलं आपण मोजतं आणि उत्तर देतं, शून्य आलं म्हणजे ठीक, एक आला म्हणजे नापास. मग परत कुलूप लावायचं. "मला शून्य आलं," साहेब म्हणाले. "शून्य म्हणजे चूक नाही."

मी म्हटलं, "शून्य म्हणजे मीटरने तुमचं ऐकलं. तुम्ही खरं सांगितलं की खोटं, हे त्याला काय माहीत?"

मालकांनी मान हलवली. डबा आला. टेबलावर मीटर स्वच्छ होतं. मावशीच्या जागी बसवलेल्या नव्या मुलीने पुसलं होतं. साहेबांनी वायरी खोचल्या. शंभराच्या डब्याला मीटरने एकशे नऊ म्हटलं. सगळे आकड्याकडे बघत राहिले.

"बघा!" साहेबच आधी बोलले. "बिघडवलंय. स्पिरिटने."

मी देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाचा करंडा उचलला. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, ते देवाचं आहे." मी वाटीत पाणी घेतलं, हळद कालवली आणि वाटी मावशीपुढे धरली.

"तू लाव. त्या दिवशी बाईंनी लावलं तसंच."

मावशी मागे सरली. "म्या?"

"ती कशी लावेल?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "तिने लावायचं नसतं!"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. वाटी माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "बाई, काम काढून घेतलं तुम्ही. आता आणखी काय काढून घेणार?"

आणि तिने दोन बोटं बुडवून मीटरच्या दोन्ही तोंडांना हळद लावली. वर कुंकू. माझ्या जन्मात मी तिच्या बोटाला कुंकू लागलेलं तेवढंच बघितलं. हिरवा आकडा उतरायला लागला. एकशे सात. एकशे चार. एकशे दोनवर घुटमळला आणि शंभराच्या आसपास खालीवर होत राहिला. अगदी नेमका शंभरावर थांबला नाही, हे मी लपवणार नाही. बाईंच्या हाताइतकी सढळ हळद तिच्या हाताने पडणार तरी कशी? तिने कापूस घेतला, स्पिरिटने पुसलं, फुंकर घातली. आकडा परत वर चढला, एकशे नऊ.

मावशी साहेबांकडे वळली. "साहेब, तुमचं यंत्र हळद लावल्याबगर खरं बोलत न्हाई. नवरदेव हाय का?"

बाहेरून डोकावणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. साहेबांचे कान लाल झाले.

तुम्हाला वाटेल, आता मालकांनी हात जोडले असतील. ऐका तर मग. साहेब केबिनमध्ये गेले, कोड दिला, कुलूप उघडलं, शंभर सांगितला, कर म्हटलं, शून्य आलं. मीटर जेवणाच्या सुट्टीआधी निर्दोष झालं. चार ओळींत! पुन्हा डबा लावला तर शंभर. मालक साहेबांना म्हणाले, "होतं कधी कधी." साहेबांना म्हणाले हे! होतं कधी कधी!

मी विचारलं, "आणि मावशी?"

"बघू."

"काय बघू? दिसलं ना आत्ता?"

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात विचारावं लागेल. तिने देवाच्या कुंकवाला हात लावला. बाकीच्या बायका काय म्हणतील?"

म्हणजे निष्काळजी नव्हती हे सिद्ध करायला जे करावं लागलं, तेच तिला परत न घेण्याचं कारण झालं. मी तेव्हा जे बोलले ते इथे छापता येणार नाही. मावशीने माझा दंड धरून मला बाहेर आणलं. गेटवर येऊन तिने बोटांकडे बघितलं. कुंकू होतं अजून. पदराला पुसलं नाही तिने. एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो, तोवर होतं.

त्या यंत्रांचं काय झालं विचाराल, तर काही नाही. परत मागवली असती तर चूक कुणाची ते सांगावं लागलं असतं. आणि मावशी एमआयडीसीत जिथे जिथे कामाला गेली तिथे तिथे आधी म्हणाले, "या, टेबलाचं काम येतं का, वा," आणि मग आत जाऊन जुन्या कारखान्याला फोन लावला. बाहेर आले ते "कळवू" म्हणत. फोनवर कुणी मीटरची गोष्ट सांगत नाही. फोनवर एकच शब्द सांगतात, निष्काळजी, आणि तो मीटरच्या आकड्यासारखा पक्का होऊन बसतो. मीटरचं कुलूप उघडायला कोड तरी असतो.

आता ती मंठ्याच्या रस्त्याला एका गोडाऊनमध्ये रोजंदारीने बियाणं निवडते. मी मध्ये भेटायला गेले होते. दाराशी टेबलावर ओलावा मोजायचं यंत्र होतं, स्क्रूवर लाखेचा थेंब, तिच्याच हातचा. मॅनेजर पसाभर सोयाबीन त्यात टाकून म्हणत होता, "कोरडं आहे, घ्या आत." मावशीने त्यातले चार दाणे उचलले, दाताखाली धरले, ते कट् न वाजता मऊ दबले, आणि माझ्याकडे बघून ती निवडायला बसली. मी म्हटलं, "सांग की त्यांना." ती म्हणाली, "एकदा सांगितलं की. मंग काय झालं?"

तर आता शेवटची ओळ, जिथे मागायचं असतं. मी मालकांकडे काही मागत नाही. त्यांचं उत्तर मिळालंय. तुमच्याकडे मागतेय, हे वाचणाऱ्यांकडे, ज्यांचे कारखाने आहेत, वर्कशॉपं आहेत, ज्यांचा भाऊ किंवा मेहुणा तिथे सुपरवायझर आहे. एक बाई तुमच्या गेटवर येईल, डोक्यावर पदर, बोटांना स्पिरिटऐवजी आता बियाण्याच्या पावडरीचा वास. तिला टेबल द्या. जुन्या कारखान्याला फोन लावू नका. आणि खंडेनवमीला ताट आलं की आधी मीटरच्या वायरी काढा, मग ताट तिच्या हातात द्या.